लक्ष्मी रोडवर 'अहिंसक रेशमाची' म्हणून पैठणी दाखवतात. खरंच किडे न मारता पैठणी होते का?

साडी होते, पण तिला नेहमीच्या पैठणीची चमक येत नाही. आली असेल तर शंका घ्या. तुतीच्या रेशमाचा कोष म्हणजे हजारेक मीटरचा एकच अखंड धागा. तो सलग उलगडावा म्हणून कोष वाफेत किंवा गरम हवेत ठेवून आतला किडा मारतात, मग गरम पाण्यात डिंक सैल करून धागा ओढतात. किड्याचा पतंग होऊन तो बाहेर येऊ दिला तर तो कोषाला भोक पाडतो आणि धागा तुटतो. मग ते तुकडे कापसासारखे कातावे लागतात. सूत जाडसर, मंद झळाळीचं, मधूनमधून गाठी असलेलं. दुकानात साडी उजेडाकडे धरा, काठापासून लांबचा साधा भाग बघा: धागा एकसारखा आणि तुकतुकीत असेल तर ते ओढलेलं रेशीम. 'सिल्क मार्क'च्या लेबलवर विसंबू नका, ते फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगतं. जाळून बघायची चाचणीही इथे निरुपयोगी, दोन्ही रेशमं सारखीच जळतात.

एरी रेशीम, म्हणजे एरंडाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्यांचं रेशीम, मागितलंत तर जास्त बरं. त्याचा कोष मुळातच एका टोकाला उघडा असतो, त्यामुळे पतंगाला तिथून बाहेर पडता येतं. पण एरी म्हणजे आपोआप अहिंसक असंही नाही. आसामकडे त्यातले किडे आवडीने खातात, म्हणून कोष पतंग बाहेर पडण्याआधी कापले की नंतर हे विक्रेत्याला विचाराच.