पेट्रोलचा जुना ट्रॅक्टर तापल्यावर बंद पडत असेल तर

भाऊ, लगेच कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणारा भाग, खोलू नकोस. बंद पडला की आधी टाकीचं झाकण उघड. त्यावर लगेच चालू झाला, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. निफाडकडच्या धुळीत हे होतंच.

तसं नसेल तर झाकण लाव आणि स्पार्क, म्हणजे प्लगची ठिणगी, बघ, तोही इंजिन गरम असतानाच. निळा, कडक हवा. पिवळा, मरतुकडा दिसला तर ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइल किंवा कंडेन्सरवर संशय घे. थंड झाल्यावर हेच पार्ट ठणठणीत वाटतात, म्हणून भलेभले मेकॅनिक फसतात.

स्पार्क चांगला असेल तरच पेट्रोलकडे वळ. इंजिन निवू दे, कार्बोरेटरचा खालचा ड्रेन प्लग काढ, डब्यात धार धर. थेंबथेंब आलं तर टाकीखालची जाळी साफ कर. पेट्रोल उघडं असताना स्पार्क अजिबात तपासू नकोस.