गाडीतले चेक इंजिन, एबीएस (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टिअरिंगचे दिवे कोड पुसून घालवले तरी आठवड्याभरात पुन्हा लागतात. व्हील सेन्सर बदलावा का?

आपण लिहिले आहे की हे तिन्ही दिवे बहुधा एकत्रच लागतात, वर्कशॉपमध्ये कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने केलेली बिघाडाची नोंद, पुसून मिळतात आणि आता व्हील सेन्सर, म्हणजे चाकाचा वेग मोजणारा भाग, बदलायला सांगितले आहे. माझ्या मते तो आत्ता बदलू नये. तीन स्वतंत्र यंत्रणा एकाच क्षणी बिघडणे जवळजवळ अशक्य आहे. त्यामुळे त्या तिघींना जे सामाईक आहे, म्हणजे बॅटरीचा पुरवठा आणि अर्थिंग (बॅटरीच्या मायनसची गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी), ते आधी तपासले पाहिजे.

मी नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत बावीस वर्षे विद्युत देखभालीचे काम केले, आणि तरीही २०२२ च्या पावसाळ्यात मी आपल्यासारखाच वर्कशॉपच्या खेपा घालत होतो. मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाटात धुके दाटले होते. हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळे चालू होते. एका वळणावर चाक फिरवताच तिन्ही दिवे लागले आणि स्टिअरिंग दगडासारखे जड झाले. मागे आई बसली होती. दोन्ही हातांनी चाक ओढून मी गाडी कशीबशी वळवली, पण ते दोन-तीन क्षण मी आजही विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये स्कॅनरवर पी-०५६२ हा कमी व्होल्टेजचा कोड आला, म्हणून बॅटरी बदलली. पंधरा दिवसांनी दिवे परत आले, तेव्हा व्हील सेन्सर बदलला. तिसऱ्या खेपेला स्टिअरिंगचे पूर्ण युनिटच बदलावे लागेल असे सांगण्यात आले. मी म्हणालो की आधी अर्थिंग पाहू या, तर आमचे थोरले बंधू सर्वांसमोर म्हणाले, ‘त्यांच्याकडे मशीन आहे. तू कारखान्यातले डोके गाडीत चालवू नकोस.’

मशीन खोटे बोलत नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, व्होल्टेज मोजते ते स्वतःच्या अर्थिंगच्या तुलनेत. ते अर्थिंगच सैल असेल तर बॅटरी ठणठणीत असूनही त्याला व्होल्टेज कमीच दिसणार. कोड तक्रार सांगतो, तिचे कारण सांगत नाही.

त्या रविवारी मी इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस पोलवर आणि दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्यावर टेकवली. बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर पोल आणि बॉडी यांच्यातला फरक ०.९ व्होल्ट दिसला, जो पाव व्होल्टच्या आत असायला हवा. मुलाला जागच्या जागी विजेच्या मोटरवर चालणारे स्टिअरिंग पूर्ण फिरवायला सांगितले, तसा आकडा चारच्या पलीकडे गेला. बॅटरीच्या ट्रेखाली, जिथे मायनसची वायर बॉडीला बोल्टने कसलेली असते, तिथले लग, म्हणजे वायरच्या टोकाचे धातूचे कडे, वरून अगदी धड दिसत होते. मात्र वायरचे आवरण सोलल्यावर आतले तांबे पार कळकलेले होते आणि बोटांवर हिरवी पूड आली. मी पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, पंचवीस चौरस मिलिमीटरची नवी वायर लग दाबून बसवली आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. खर्च ३४० रुपये आला. त्यानंतर ते दिवे एकदाही लागलेले नाहीत.

आपण इतकेच करा की दिवे लागतील तेव्हा काय काय चालू होते, गाडी वळत होती की सरळ होती, पाऊस होता का, हे लिहून ठेवा; आणि कोड पुसण्याआधी त्याचा फ्रीझ फ्रेम तपशील, म्हणजे कोड आला त्या क्षणीची गाडीची नोंद, मागून घ्या, कारण पुसताना तोही जातो. एबीएसचा दिवा एकटाच लागत असेल, तर मात्र व्हील सेन्सरवरचा चिखल किंवा त्याची तुटकी वायर हे कारण खरोखर असू शकते, आणि मग माझे वरचे सगळे म्हणणे आपल्याला लागू नाही. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होत असते, म्हणजे इंधन नीट पेटत नसते; तशीच गाडी दामटली तर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. ऑइलचा लाल दिवा लागला तर तिथेच इंजिन बंद करा. एअरबॅगच्या वायरिंगला मल्टिमीटर लावू नका, आणि वायर सोडवण्याआधी इंजिन बंद करून बॅटरीचा मायनस काढा.

थोरले बंधू अजूनही म्हणतात की दोष बॅटरीचाच होता आणि वायर हा योगायोग. काढलेली ती बॅटरी मी वर्कशॉपमध्ये न देता घरी आणली होती. पुढे त्यांच्याच गाडीची बॅटरी बंद पडली, तेव्हा माझी ती जुनी बॅटरी मी त्यांच्या गाडीत घालून दिली आणि तिने आणखी दीड वर्ष सेल्फ मारला.