जिप्सम बोर्डावरची बुरशी: रंगाआधी पाणी शोधा

ताई, जळगावच्या फ्लॅटचा ताबा घेऊन दोन वर्षंच झालीत, बेडरूममधल्या जिप्सम बोर्डाच्या (दोन्ही बाजूंनी जाड कागद लावलेल्या जिप्समच्या फळ्यांच्या) पार्टिशनवर काळे ठिपके आले, पुट्टी आणि रंग मारूनही दोन महिन्यांत परत उमटले आणि पेंटर आता वॉटरप्रूफ रंग सुचवतोय, असं तुम्ही लिहिलंय. तो रंग मारू देऊ नका.

भुसावळला आमच्या घरी हेच झालं. आईच्या खोलीतलं पार्टिशन आम्ही दोनदा रंगवलं. तिसऱ्या खेपेला कपाट सरकवून बोर्डावर अंगठा दाबला, तर तो आत रुतला. तुकडा काढला तेव्हा मागचा कागद ओल्या पुठ्ठ्यासारखा हातात आला, त्यावर काळी लव, आणि गंजलेल्या स्क्रूंचे तांबडे ओघळ. पाइप कुठेच फुटला नव्हता. एप्रिलपासून कूलर रात्रभर चालायचा आणि झळा नकोत म्हणून समोरची खिडकी आम्ही घट्ट लावून घ्यायचो. कूलर गारवा देतो तो हवेत पाणी सोडून. त्या दमट हवेला बाहेर जायला वाट ठेवली नाही, की ती भिंतीत, गादीत, कपड्यांत मुरते. गावाकडची मातीची भिंत ओल शोषून पुन्हा सोडते. बोर्डाचा कागद मात्र बुरशीचं खाद्यच आहे. तो २४ ते ४८ तास ओला राहिला तरी पुरतं.

म्हणून आधी पाणी शोधा. पार्टिशनच्या पलीकडे बाथरूम आहे का? असेल तर आधी तिथली गळती बघा. नसेल तर भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी टेप लावून चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव आलं तर ओल भिंतीतून येतेय. कोरडं राहिलं तर कूलरकडे बघा, समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. (विटांच्या भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर तो बहुधा लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार असतो, बुरशी नव्हे, पाण्याच्या थेंबात विरघळतो.)

मऊ पडलेला बोर्ड वाचत नाही. ब्लीचने वरचा डाग फिकटतो, पण त्यातलं पाणी आत मुरतं. ब्लीचमध्ये टॉयलेटचं ॲसिड तर चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. डागाच्या पलीकडे फूटभर जास्तीचा बोर्ड कापून काढा. एन-९५ मास्क, हातमोजे घाला, पंखा बंद ठेवा, तुकडे तिथेच पिशवीत बांधा. मागची चौकट पूर्ण वाळल्याशिवाय नवा बोर्ड नको. बाथरूमलगत हिरव्या कागदाचा ओलावारोधक घ्या.

पार्टिशन बिल्डरनेच केलं असेल तर कापण्याआधी फोटो काढा, एक तुकडा जपून ठेवा आणि लेखी तक्रार द्या. प्रकल्प महारेरात (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे) नोंदलेला असेल, तर रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून ५ वर्षांत कळवलेला बांधकामातला दोष त्याने ३० दिवसांत मोफत दुरुस्त करून द्यायचा असतो. तोंडी सांगून आम्ही चार महिने घालवले. इंटिरियरवाल्याने केलं असेल तर त्याचं बिल शोधा.

सासूबाईंचा खोकला रात्री वाढतो म्हणालात. त्यांची खाट आजच दुसऱ्या खोलीत हलवा, आणि डॉक्टरांना भिंतीचं सांगा.