ट्रेलरमधला अर्धा तास आणि आठवीनंतरची शाळा

न्यू जर्सीत एडिसनजवळ राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. मुलगा आठवीत, डिसलेक्सिया आहे. पाचवीपर्यंत पब्लिक स्कूलमध्ये (म्हणजे तिथल्या सरकारी शाळेत) होता तेव्हा त्याचा आयईपी होता, म्हणजे खास त्याच्यासाठी लेखी आखलेला शिक्षणाचा आराखडा, मग वर्ग लहान असतो म्हणून शेजारच्या गावातल्या कॅथलिक शाळेत घातला, फी अर्थात स्वतःच्या खिशातून. तिथे आठवड्यातून दोनदा पार्किंगमधल्या ट्रेलरमध्ये रीडिंगच्या बाई अर्धा अर्धा तास शिकवतात, आणि सगळ्यांसमोर वर्गातून उठून ट्रेलरकडे जायची पोराला लाज वाटते. पूर्वी मिळायचं त्यातलं बरंच गेलं. विचारलं तर "आता आयईपी नाही, सर्व्हिसेस प्लॅन आहे" एवढंच उत्तर. मुलाला यंत्रं उघडून बघायचं वेड, सायकलचे गिअर स्वतः बसवतो. कोल्हापूरहून आजोबा दर रविवारी फोनवर विचारतात की याचं पुढे व्हायचं कसं. ताईंचे प्रश्न दोन: हायस्कूल कॅथलिकच ठेवू की पब्लिक, आणि इंजिनिअरिंगचं डोक्यातून काढून टाकू का.

ताई, दुसऱ्याचं उत्तर आधी देते, अजिबात काढू नका. वाचायला वेळ लागणं वेगळं आणि यंत्र न कळणं वेगळं, आणि गिअर बसवणाऱ्या पोराला यंत्र कळतं.

आता शाळेचं. तुम्ही डिस्ट्रिक्टवर (गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेवर) चिडलाय ते समजतं, पण त्यांनी तुम्हाला फसवलेलं नाहीये, समजावून सांगायचे कष्ट घेतले नाहीत इतकंच. तिथला स्पेशल एज्युकेशनचा मूळ कायदा १९७५ चा, १९९० पासून त्याला आयडिया (IDEA, नावाची आद्याक्षरं) म्हणतात, आणि त्यात पब्लिक स्कूलमधल्या मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे फुकट शिक्षण हा त्या एकेका मुलाचा हक्क आहे. पण आईवडिलांनी आपणहून खाजगी शाळेत घातलं की तो वैयक्तिक हक्क राहत नाही. केंद्राच्या पैशातला एक हिस्सा खाजगी शाळांतल्या अशा सगळ्या मुलांसाठी मिळून बाजूला काढतात आणि त्यातून कोणाला काय द्यायचं ते डिस्ट्रिक्ट त्या शाळांशी बोलून ठरवतं. आपल्या भाषेत, आयईपी म्हणजे पंगतीतलं पान, तुमच्या नावाने मांडलेलं, काही वाढायचं राहिलं तर भांडता येतं. सर्व्हिसेस प्लॅन म्हणजे प्रसाद, सगळ्यांना थोडा थोडा, आणि मला कमी का म्हणून सुनावणी मागायची सोय नाही (प्लॅनमध्ये लिहिलेलंच देत नसतील तर राज्याकडे तक्रार करता येते, ते वेगळं).

न्यू जर्सीचं त्यातल्या त्यात बरं आहे, १९७७ चे राज्याचे दोन कायदे आहेत, तिथे सगळे त्यांना चॅप्टर १९२ आणि १९३ म्हणतात, आणि १९३ मधून खाजगी शाळेतल्या मुलाला तपासणी, जादा शिकवणी आणि स्पीच थेरपी मिळू शकते. तुमच्या रीडिंगच्या बाई बहुधा त्यातूनच येत असाव्यात.

आणि हो, ट्रेलर. मुलाला सांगा की त्यात त्याचा काही दोष नाही, ती कोर्टकचेरीतून आलेली गोष्ट आहे. १९८५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कच्या एका केसमध्ये सांगितलं की सरकारी शिक्षकांनी धार्मिक शाळेच्या इमारतीत जाऊन शिकवायचं नाही (ती केस गरीब वस्तीतल्या मुलांच्या जादा शिकवणीची होती), मग शाळांच्या दाराशी व्हॅन नि ट्रेलर उभे राहिले, आणि १९९७ मध्ये त्याच कोर्टाने तोच निकाल फिरवला. म्हणजे आता बाईंनी शाळेच्या आत बसून शिकवायला केंद्राच्या कायद्याची आडकाठी नाही. प्रिन्सिपलना विचारा लायब्ररीचा एखादा कोपरा मिळतो का, बऱ्याचदा कोणी विचारलेलंच नसतं.

मुख्य काम आता सांगते आणि हे याच महिन्यात करा. शाळा शेजारच्या गावात आहे म्हणजे तुमच्याकडे दोन डिस्ट्रिक्ट आहेत, शाळा ज्या गावात तिथलं डिस्ट्रिक्ट सर्व्हिसेस प्लॅन बघतं, आणि तुम्ही राहता तिथलं डिस्ट्रिक्ट मुलगा पब्लिकला आला तर आयईपी देणार. तुमच्या लेखी परवानगीशिवाय हे दोघं एकमेकांना कागद दाखवत नाहीत, म्हणून माहिती अडकते आणि आईबाप मध्ये चेंडूसारखे. तर घरच्या डिस्ट्रिक्टच्या चाइल्ड स्टडी टीमला (मुलाची तपासणी करून आयईपी ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाला) लेखी कळवा, फोनवर नाही, की सप्टेंबरपासून मुलाला पब्लिक हायस्कूलला आणायचा विचार आहे, त्याचं इव्हॅल्युएशन करा आणि आयईपीत काय द्याल ते सांगा. पत्र पोचल्यापासून २० दिवसांत त्यांनी मीटिंग घ्यायची असते, आणि तपासणीला पैसे पडत नाहीत. तुम्ही संमतीची सही केल्यापासून तपासणी आणि गरज असली तर आयईपी चालू होणं, सगळ्याला मिळून ९० दिवस, म्हणून उशीर नको म्हणते. मग एका बाजूला आयईपी, दुसऱ्या बाजूला कॅथलिक हायस्कूल काय देऊ शकतं तो कागद, दोन्ही डायनिंग टेबलवर ठेवा आणि ठरवा. आयईपी ऑफर झाला म्हणून तिथे जायलाच पाहिजे असं काही नसतं.

माझं मत विचाराल तर या मुलासाठी मी काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) व्होकेशनल टेक्निकल हायस्कूल आधी बघेन. आपल्याकडे आयटीआय म्हटलं की नाक मुरडतात, आजोबाही मुरडतील, पण तिथे यातल्या कित्येक शाळांत इंजिनिअरिंगची अकॅडमी असते आणि प्रवेशासाठी रांग लागते. न्यू जर्सीच्या सगळ्या २१ काउंट्यांत ही सोय आहे, आणि शाळा पब्लिक, म्हणजे फी नाही आणि आयईपी तिथेही लागू. अर्ज मात्र आठवीच्या थंडीतच भरायचे असतात. शिवाय न्यू जर्सीत १४ व्या वर्षापासून आयईपीत पुढच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्लॅन धरावा लागतो, सर्व्हिसेस प्लॅनमध्ये तशी सक्ती नाही, आणि करिअरचा सल्ला देणारी म्हणून मला हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो. लहान वर्गामुळे पोरगं खरंच खुललं असेल आणि कॅथलिकच ठेवायचं ठरलं, तर राज्याच्या व्होकेशनल रिहॅबिलिटेशन ऑफिसला फोन करा, १४ ते २१ वयाच्या अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी करिअर समुपदेशन आणि कामाचा अनुभव देणाऱ्या त्यांच्या सेवा असतात, खाजगी शाळेतल्या मुलांनाही.

मुंबईत सायन हॉस्पिटलच्या एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी) क्लिनिकबाहेर सर्टिफिकेटसाठी थांबलेले पालक मी पाहिलेत, एकदा कागद हातात आला की दहावीची सवलत मिळते आणि घर सुटकेचा श्वास टाकतं. अमेरिकेत तसा एक कागद सगळीकडे चालत नाही. एसएटीला (कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेला) जादा वेळ हवा तर ती घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडे वेगळा अर्ज, शाळेतर्फे, खाजगी शाळेतूनही होतो, निर्णयाला सात आठवड्यांपर्यंत लागू शकतात. आणि हायस्कूलचा डिप्लोमा घेतला की आयईपी संपतो, कॉलेजमध्ये भेदभावाविरुद्धचे कायदे असतात पण डिसॅबिलिटी ऑफिसात जाऊन मला डिसलेक्सिया आहे, मला अमुक लागतं, हे मुलाने स्वतः सांगायचं असतं, आई जाऊन चालत नाही.

म्हणून चाइल्ड स्टडी टीमच्या त्या मीटिंगला त्याला बरोबर न्या. गिअरचं काय काय केलं ते त्यालाच सांगू दे, चांगली दहा मिनिटं बोलेल, आणि ट्रेलरबद्दल काय वाटतं तेही. पत्राची एक कॉपी, ते पोचल्याच्या तारखेसकट, घरी ठेवा, २० दिवस त्यावरूनच मोजायचेत.