नकाशा भरला, आता राखणार कोण?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या वीसेक सभासदांनी दोन वर्षांपूर्वी गावभर हिंडून सार्वजनिक नळ, स्वच्छतागृहे आणि बसथांबे यांच्या नोंदी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशावर केल्या. आता त्यांतल्या अनेक जुन्या झाल्या आहेत. शिवाय कुणा अनोळखी व्यक्तीने काही बदलल्याही आहेत. ही माहिती कोणाची आणि ती राखायची कोणी? माहितीच्या अधिकारात नगरपरिषदेकडून मिळालेली नळांची यादी थेट नकाशावर चढवावी का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : मालकीचा प्रश्न सोपा आहे, तो आधी संपवू. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या या नकाशाची माहिती २०१२ पासून ‘ओपन डेटाबेस लायसन्स’खाली खुली आहे. श्रेय देऊन ती कोणीही, अगदी धंद्यासाठीही, वापरू शकतो. मात्र तीत भर घालून केलेला माहितीसंच प्रसिद्ध करायचा झाल्यास तोही त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. तेव्हा परक्याने हात लावला याचे वाईट वाटून घेऊ नये. कोणी, केव्हा, काय बदलले याचा इतिहास जपलेला असतो आणि चुकीचा बदल मागेही घेता येतो. पण त्याआधी बदल करणाऱ्याला तिथेच विचारावे, कारण कधी कधी नळच हललेला असतो.

यादीबाबत मात्र सावध राहावे. कागद पाहायला मिळणे वेगळे आणि तो खुल्या परवान्याखाली पुन्हा प्रसिद्ध करण्याची मुभा असणे वेगळे. मुख्याधिकाऱ्यांची लेखी संमती मिळेपर्यंत ती यादी बाजूला ठेवून नळ स्वतः पाहून यावेत. व्यापारी नकाशांवरून काहीही उतरवून घेणे तर या नकाशाच्या नियमांतच बसत नाही.

खरी अडचण राखणीची आहे. नोंदणीच्या दिवशी उत्साह असतो, चहा असतो, छायाचित्रे निघतात. दोन वर्षांनी तोच नळ पुन्हा पाहायला कोणी जात नाही. नैरोबीच्या किबेरा वस्तीत २००९ साली तिथल्याच तरुणांनी आपल्या गल्ल्यांचा नकाशा केला. रोज त्याच वाटेने जाणाऱ्याला बदल आपोआप दिसतो, म्हणून राखणदारही वस्तीतलाच हवा. आपणही प्रभाग वाटून घ्यावेत आणि प्रत्येक नोंदीत शेवटच्या पडताळणीची तारीख घालावी. अँड्रॉइडवरचे ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे ॲप काही जुन्या नोंदींविषयी आपणहून पुन्हा विचारते. नवख्या सभासदांना ते सोयीचे पडेल. गल्लीचे मराठी नाव वेगळे भरण्याची सोयही नकाशात आहे, तिथे लोकांच्या तोंडी असलेले नावच यावे.

नळ बंद पडला म्हणून त्याची नोंद लगेच पुसू नये, तो वापरात नसल्याचे नोंदवावे. जागेवरून उखडूनच नेला असेल, तर काढून टाकावी.