वळचणीला बर्फ, खिडकीवर ओल

प्रश्न : ताई, आम्ही मिनेसोटात प्लिमथला राहतो. घर १९८८ सालचं, दुमजली. परवा वरच्या बेडरूममध्ये खिडकीच्या वरच्या बाजूला चहाच्या रंगाचा डाग उमटला. बाहेर वळचणीला हातभर लांब बर्फाचे सुळे लटकतायत. शेजारी म्हणतो कडेने हीटिंग केबल टाका, छतवाला म्हणतो छतच बदला. बाहेर १० अंश फॅरेनहाइट असताना पाणी गळतंच कसं?

उत्तर : दोघांनाही जरा थांबवा. गळती छतातून दिसते, पण तिचं मूळ बहुतेक वेळा खालच्या घरात असतं. तापवलेली हवा फटीफटींतून ॲटिकमध्ये, म्हणजे छताखालच्या पोटमाळ्यात चढते, शिंगल्सखालचं (छतावरच्या पातळ कौलांसारख्या पट्ट्यांखालचं) प्लायवूड कोमट होतं आणि वरचा बर्फ तळापासून वितळू लागतो. आढ्याचं पाणी वळचणीला जाणारच. पण वळचण भिंतीबाहेर आलेली, तिच्याखाली ऊब नाही. तिथे ते पुन्हा गोठतं, बांध होतो आणि मागे पाणी तुंबतं. शिंगल्स उताराने वाहून जाणारं पाणी झेलतात, मागून वर सरकणारं नाही.

आधी आजचं बघू. रूफ रेक (बर्फ ओढायचं लांब दांड्याचं फावडं) आणा आणि जमिनीवर उभं राहून कडेपासून तीन-चार फुटांतला बर्फ खाली ओढा. शिडी नको, आणि विजेच्या तारा कुठून जातात ते आधी बघा. पँटीहोजमध्ये (बायकांच्या लांब पायमोज्यात) कॅल्शियम क्लोराइड हे बर्फ वितळवणारं मीठ भरून बांधावर उभं ठेवता आलं, एक टोक बांधामागे आणि दुसरं कडेबाहेर, की पाण्याला वाट मिळते. पण ते खालून पोचत असेल तरच. खडेमीठ मात्र टाकू नका. एवढ्या थंडीत ते नीट चालत नाही, वर गटर गंजवतं आणि खालची झाडं जाळतं. कुऱ्हाड-हातोडीचं तर नावच काढू नका, बर्फाबरोबर शिंगलही निघते. बांध मोठा असेल तर वाफेने बर्फ वितळवणारा स्टीमवाला बोलवा. प्रेशर वॉशरने गरम पाणी मारणारा स्वस्तात येतो, त्याला परत पाठवा.

मग टॉर्च घेऊन ॲटिकमध्ये डोकवा. मी घरांची ऊर्जातपासणी करते, आणि माझं निम्मं काम तिथेच होतं. छतातून खाली आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरं हिव दिसलं, तर घरातली दमट हवा वर पोचतेय. तिथे अंथरलेलं फायबरग्लासचं इन्सुलेशन उचलून बघा. एखादा पट्टा काळवंडलेला असतो. लोक बुरशी समजून घाबरतात. बहुधा ती वर जाणाऱ्या हवेतली गाळून राहिलेली धूळ असते. तुमची फट बरोबर त्याच्याखाली. बाथरूमच्या पंख्याची नळीही तपासा. ती ॲटिकमध्येच सोडलेली घरं मी बरीच पाहिलीत. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट तसाच असेल तर आणखी वाईट, कारण आपल्याकडे रोज कुकर लागतो. दोन्ही छताबाहेर काढून घ्या.

पैसे आधी फटी बुजवण्यात घाला, इन्सुलेशन त्यानंतर. दिव्यांच्या डब्या, प्लंबिंगचा पाइप वर जातो ती जागा, ॲटिकचं झाकण. धुराड्याभोवती मात्र फोम नको, तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंटच. इन्सुलेशन आर-४९ पर्यंत न्या (आर हे उष्णता अडवण्याचं माप). तुमच्या वयाच्या घरांत ते बरंच कमी सापडतं. फक्त सॉफिटच्या, म्हणजे वळचणीच्या खालच्या बाजूच्या जाळ्या त्याखाली गाडू नका, थंड हवा तिथूनच आत येते.

केबल म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. बिल तेवढं वाढतं, वर जाणारी ऊब तशीच जात राहते. जिथे दोन उतार मिळतात आणि दुसरा इलाज नाही, तिथे ठीक आहे.

छत खरंच जुनं झालं असेल तर बदला, पण कोटेशनमध्ये आइस अँड वॉटर शील्ड (शिंगल्सखाली चिकटवायचा पाणी अडवणारा थर) बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत किमान २४ इंच येतंय का, ते विचारा. ‘कडेने ३ फुटांची एक पट्टी’ असं उत्तर आलं तर वळचण मोजा. ती २ फूट असेल तर पट्टी आत जेमतेम फूटभर पोचते. दुसरी पट्टी लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.