वाचकांचे प्रश्न: युरेनियमच्या खाणीत नोकरी, पोराला पाठवावं का?

प्रश्न: ताई, नमस्कार. आमच्या गावाशेजारी थर्मल आहे, वाळत घातलेल्या कपड्यावर राख, कापसावर राख, त्यामुळं मी कायम म्हणायचो की अणुवीज बरी, धूर नाही की राख नाही. आता पुतण्याला झारखंडात जादूगोड्याच्या युरेनियम खाणीत ठेकेदाराकडं काम मिळतंय. पगार बरा आहे, माझा भाऊ पाठवू म्हणतो, भावजय नको म्हणते. तिथं नेमका धोका काय असतो?
(एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर: दादा, राखेत राहणारा माणूस असंच म्हणणार. कोळशानं माणसं आजारी पडतात हे खरंय, आणि अणुभट्टी चालू असताना तिच्यातून तसा धूर येत नाही हेही खरंय. पण आपण फक्त भट्टी बघतो, खाण बघतच नाही, कारण ती आपल्या शिवारात नसते, ती तिकडं संथाळ आणि हो आदिवासींच्या गावात असते.

जादूगोड्याचं खनिज हलक्या प्रतीचं आहे, टनभर दगड फोडला तरी किलोभरसुद्धा युरेनियम निघत नाही. बाकीचा सगळा दगड दळून, ॲसिडमधून काढून, गाळ होऊन बांध घातलेल्या तळ्यात जातो. आणि खरी गोम इथंच आहे बघा, युरेनियम काढून घेतलं तरी मूळ दगडातला साधारण 85 टक्के किरणोत्सर्ग त्या गाळातच राहतो, रेडियम तिथंच, थोरियम तिथंच, आणि रेडियम नुसतं निम्मं व्हायलाच 1600 वर्षं लागतात. खाण बंद होईल, कंपनी जाईल, गाळ तिथंच. वाळला की वाऱ्यानं उडतो, पावसात झिरपतो. डिसेंबर 2006 मध्ये जादूगोड्यात गाळाचा पाइप फुटून तो ओढ्यात गेला होता. अमेरिकेत चर्च रॉक इथं 1979 मध्ये तर युरेनियमच्या गाळाच्या तळ्याचा बांधच फुटला आणि नवाहो आदिवासींची जनावरं जिथं पाणी प्यायची त्या नदीत सगळं गेलं.

आता पुतण्याचं. खाणीत रेडॉन नावाचा वायू सुटतो, त्याला वास नाही, रंग नाही. त्यातून तयार होणारे कण धुळीला चिकटून छातीत जाऊन बसतात आणि फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, तोही लगेच नाही, दहा-वीस वर्षांनी, तेव्हा ना ठेकेदार सापडतो ना हजेरीचे कागद. जर्मनीतल्या विस्मुट या युरेनियम खाणींच्या सुमारे 59 हजार कामगारांच्या नोंदी तपासल्या, तर जेवढा रेडॉन जास्त तेवढा कॅन्सर जास्त असं दिसलं. हवा खेळती ठेवली की धोका बराच कमी होतो, पण संपत नाही. बिडी-सिगारेट असेल तर अजूनच वाईट.

जादूगोड्याच्या आसपास जन्मतः व्यंग असलेली मुलं जास्त आहेत असं डॉक्टरांच्या एका संघटनेनं 2007 च्या पाहणीत मांडलं, कंपनी ते मानत नाही. मला विचाराल तर हा वाद मिटेपर्यंत तिथल्या आयांनी वाट बघत बसायचं हेच मला पटत नाही.

माझं मत सरळ आहे, ठेकेदाराकडं नको. तरी जायचंच ठरलं तर पोरानं आधी विचारावं की अंगाला किती किरणोत्सर्ग लागला तो डोस मोजायचा बिल्ला मिळणार का, रेकॉर्ड कुणाकडं राहणार, त्याची कॉपी मिळणार का. कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (हे या डोसचं माप) ही मर्यादा आहे, आकडाच हातात नसेल तर ती पाळली की नाही कळणार कसं? कामाचे कपडे घरी धुवायला आणायचे नाहीत हे तर पहिलं, नाहीतर तीच धूळ बायको-पोरांच्या अंगावर. भावजय नको म्हणतायत ना, त्यांचं ऐका.

प्रश्न: आमच्या देगलूर भागात बोअरच्या पाण्यात युरेनियम असतं का हो? उकळून प्यावं का?
(एक वाचक, नांदेड जिल्हा)

उत्तर: बाकी मराठवाड्यात काळा दगड, त्यात युरेनियम फार कमी. तुमच्याकडं ग्रॅनाइट आहे, तिथं ते पाण्यात उतरू शकतं, त्यामुळं एकदा तपासून घ्याच. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरमागं 30 मायक्रोग्रॅम आहे. जास्त असेल तर पहिला मार किडनीला बसतो. उकळून काही होत नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं, आरओनं मात्र कमी होतं. साध्या तपासणीत युरेनियम बघत नाहीत, लॅबला वेगळं सांगावं लागतं, आणि त्याच बाटलीतून फ्लोराइडचीही टेस्ट करायला सांगा, लहान पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसत असतील तर आधी तीच.